न पाहिलेल्या माणसांची नलूताई

नलूताई रेवंडकर माझ्या सायबर कॅफेत यायच्या त्या चपला बाहेर काढून. आत चपला चालतात, सगळे घालूनच येतात, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझी बाकीची गिऱ्हाइका मशीन बघूक येतत रे संजू. मिया माणसांत येतंय. माणसांत चपला घालून कशी बसू?"

मालवणात भरडावर एका कापडदुकानाच्या माडीवर माझा कॅफे होता. दोन हजार एकच्या सुमाराची गोष्ट. प्लायवुडचे आडोसे घालून केलेली चार खोपटी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, आणि पावसाळ्यात लाइन गेली की सगळ्यांनी मिळून खिडकीत उभं राहायचं. त्यातलं खिडकीजवळचं खोपटं नलूताईंचं. त्या दुपारी तीनला यायच्या. अंगानं स्थूल, रंगानं काळ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि सुरंगीच्या फुलांचे दिवस असले की केसांत त्यांचा वळेसर. खुर्चीत बसायच्या त्या ताठ, मान जराशी डावीकडे कलवून. ती मान तशी का कलते, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. आयुष्यभर त्या कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या.

नलूताई मालवणच्याच दांडी किनाऱ्यावरच्या. बापाची होडी, आई बाजारात मासे विकायची. पोरगी मॅट्रिक झाली आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. गावातला प्रत्येक ट्रंककॉल त्यांच्या हातून जायचा. घरी त्या मालवणी बोलत, लाइनवर शुद्ध मराठी, आणि गडबड असली की दोन्ही एका दमात. "मुंबई लाइनवर आहे, बोला. गो सुमती, जोरान बोल, तेका आयकाक येना नाय!" लग्न का केलं नाहीत असं कोणी विचारलं, तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती."

त्यांची एक सवय जुनी माणसं अजून सांगतात. मुंबईहून कोणाच्या मयताचा कॉल आला, तर त्या तो लगेच जोडून देत नसत. आधी इकडच्या माणसाला विचारत, "घरात आणखी कोण आसा? तेका जवळ बोलव. बसलंस मां? आता बोल." बातमी उभ्यानं ऐकू नये, एकट्यानं ऐकू नये, असा त्यांचा नियम होता. वारं फिरलं की होडीवाल्यांना निरोप जायचा तो त्यांच्याकडूनच. कोणी त्यांना हे काम सांगितलं नव्हतं.

मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. कॉल जोडायला माणूस नको झाला. नलूताईंना बिलांच्या खिडकीवर बसवलं. तिथं त्या फार टिकल्या नाहीत. "लोक येतत, कागद सरकवतत, जातत. तोंड उघडूची गरजच नाय," असं म्हणत त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि भावाच्या घरी बसून राहिल्या. त्यांची भावजय मला एकदा म्हणाली होती, त्या काळात ताई घरातल्या बंद पडलेल्या रेडिओशी भांडायच्या.

कॅफेत त्या पहिल्यांदा आल्या त्या भाचीचा बारावीचा निकाल बघायला. भाची पास झाली, आणि खाली पेढे आणायला गेली. नलूताई मात्र शेजारच्या खोपट्यात डोकावून उभ्या. तिथं एक मुलगा चॅट करत होता. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उमटत होती.

"ह्यो कोणाशी बोलता?" त्यांनी मला विचारलं.

"कोणाशी पण. जगात कुठं कुठं बसलेली माणसं असतात."

"आणि जोडून कोण देता?"

"कोण नाही. आपोआप."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला एकट्याच आल्या.

जगभर पांगलेल्या मराठी माणसांचा एक गट होता. कोणी अमेरिकेत, कोणी आखातात, कोणी पुण्या-नाशकात. संगणकावर मराठी उमटवायची सोय तेव्हा फारशी नव्हती, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. खरी नावं कोणी वापरत नसे. नलूताईंनी स्वतःचं नाव ठेवलं 'सोलकढी'. एका बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारायच्या, त्यामुळे त्यांचं खाजगी असं काहीच राहत नसे. तेही त्यांना चालायचं. सांगून झालं की शेवटी विचारायच्या, "ठेवू?" समोरून "ठेवा" आल्याशिवाय जागच्या उठायच्या नाहीत. मी म्हटलं, ताई, इथं विचारावं लागत नाही, नुसतं बंद करायचं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शिकवायला गेलो नाही.

वर्षभरात त्या गटाच्या ताई झाल्या. कोणाला नोकरी लागली, कोणाची सासू आजारी, कोणाच्या पोराला गोवर, सगळं आधी सोलकढीला. आणि त्या नुसतं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

अमेरिकेतल्या एका मुलाचे वडील फोंडाघाटात एकटे राहत. आठ-दहा दिवस त्यांचा फोन लागेना. मुलानं गटावर घाबऱ्याघुबऱ्या लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नलूताई एस.टी. पकडून कणकवलीला आणि तिथून फोंडाघाटला गेल्या. बाजारपेठेत विचारत विचारत घर काढलं. बघतात तर म्हातारा ओसरीवर सुपारी कातरत बसलेला, तब्येत उत्तम, आणि आत फोनचा रिसिव्हर काढून बाजूला ठेवलेला.

"ह्यो कोणी काढून ठेवलो?" नलूताईंनी विचारलं.

"मियाच. झील फोन करता तो नेमको माझ्या झोपेच्या टायमाक." मग म्हाताऱ्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पण तू कोण गो?"

"तुमच्या झिलाची मैत्रीण."

म्हाताऱ्याच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मुलगा पंचविशीतला आणि ही पन्नाशी उलटलेली. नलूताईंनी कॉम्प्युटर, चॅट, गट असं सगळं समजावून सांगितलं, ते त्याला कळलं की नाही देव जाणे. पण तो जेवल्याशिवाय सोडायला तयार होईना. निघताना नलूताईंनी रिसिव्हर जागेवर ठेवला आणि दम दिला, "पुन्हा काढलात तर मिया परत येतलंय." मालवणात परतून त्यांनी हे सगळं टाइप केलं, तेव्हा स्क्रीनवर हसण्याच्या ओळी मावेनात. नलूताईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या खुशीत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

पण सगळीच कामं अशी नव्हती. नाशिकच्या एका मुलीचं लग्न कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं. तिनं सहज म्हणून विचारलं, ताई, तुमच्या जवळच आहे, जरा कानोसा घ्याल? नलूताईंनी घेतला. मुलाचं गोव्यातल्या एका मुलीशी आधीच रजिस्टर लग्न झालेलं. दोन दिवस त्या कॅफेत आल्या, पण लिहायला हात उचलेना. शेवटी लिहिलं. आधी विचारलं, "घरात कोण आहे? आईला जवळ बोलाव." मग सांगितलं. लग्न मोडलं. मुलीनं आभार मानले आणि त्यानंतर ती गटावर कधीच आली नाही.

"राग आला असेल?" मी विचारलं.

"राग कित्याक? माझा नाव बघला की तिका ता सगळा आठवतला," त्या म्हणाल्या. बोलल्या सहज, पण त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत बसून होत्या, आणि एकही ओळ लिहिली नाही.

अबोली गटावर आली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. आखातातल्या एका शहरात नवरा आणि तान्हा मुलगा, एवढंच तिनं सांगितलेलं. नवरा दुपारी जेवून पुन्हा कामावर गेला की ती घरच्या कॉम्प्युटरवर बसायची. तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन. बाकी सगळे पुस्तकी मराठी लिहीत, ही एकटी मालवणीत. नलूताईंना तर घबाड सापडलं. बांगड्याचं तिखलं, नारळाचा रस, दशावतारातल्या सोंगांच्या गजाली, दोघींचं काही केल्या संपत नसे. मुलगा रांगायला लागला, मुलगा उभा राहिला, सगळं नलूताई मला खोपट्यातूनच ओरडून सांगायच्या. एक दिवस मोठ्यानं वाचलं, "ताई, आज सोनून पयल्यांदा आई म्हटल्यान." आणि त्या आनंदात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी खालून चहा मागवला.

माहेर कुठलं, हे मात्र अबोली सांगत नसे. विचारलं की लिहायची, "सांगतंय मगे."

नंतर तिच्या ओळी तुटायला लागल्या. मध्येच बंद व्हायची. दोन-दोन दिवस यायची नाही. एकदा आली ती एकच वाक्य लिहून गेली, "ह्येंनी माझो पासपोर्ट कपाटात घालून कुलूप लावल्यानी." नलूताईंनी ते मोठ्यानं वाचलं नाही. मला हाक मारली आणि बोट दाखवलं.

मग हळूहळू ते सगळं बाहेर आलं. तो मारायचा. बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. माहेरी फोन करायचा तो रविवारी, नवरा शेजारी बसलेला असताना. तिला कॉम्प्युटर वापरता येतो हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढीच तिची मोकळीक. नलूताई तिला पुन्हा पुन्हा लिहीत राहिल्या, "पूर्ण नाव सांग. गाव सांग. इमारतीचं नाव सांग. मी कोणाला तरी पाठवते." घाबरल्या की त्यांची मालवणी सुटायची आणि एक्स्चेंजमधली मराठी वर यायची. अबोली लिहायची, "नको ताई. तेंका कळला तर माझा काय खरा नाय." आणि एका दुपारी तिचं नाव पडद्यावर उमटलंच नाही. आठवडा गेला, महिना गेला.

नलूताई रोज तीनला येत. खोपट्यात बसत. दुसऱ्या कोणी काही लिहिलं तर त्याला दोन शब्दांत उत्तर देत. एकदा मी हिशेब बघत होतो, तर त्यांनी अचानक विचारलं, "कपडे वाळत घातले की लाल खंय होतत रे?"

"म्हणजे?"

"अबोली एकदा म्हणालेली. आमच्या मागल्या दारी जहाजा दिसतत, लाल माती भरतत तेच्यात, धुणा वाळत घातला की लाल होता." त्या उभ्या राहिल्या. "रेडी! रेडीशिवाय खंय लाल माती भरतत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. कॅफे बंद ठेवून मी का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी चल म्हटलं नव्हतं. मालवणहून वेंगुर्ला, तिथून रेडीची गाडी. बंदराच्या बाजूला उतरलो, तर लोखंडाच्या खनिजानं झाडांची पानंसुद्धा तांबडी. गाव बरंच पसरलेलं. नलूताई सरळ पिठाच्या गिरणीत गेल्या. दळण घेऊन बसलेल्या बायकांना म्हणाल्या, घरातली लेक, चेडू, आखातात दिलेली, नातू सोनू नावाचा, घराच्या मागल्या दारातून जहाजं दिसतात, असं घर कोणतं? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिघींनी एकाच दिशेला हात केला.

घर लहान, नीटनेटकं. अंगणात अबोलीची आई कोकमाची सोलं वाळत घालत होती. किडकिडीत बाई, नलूताईंच्याच वयाची. आम्हांला पाट दिला, पाणी दिलं.

"मिया मालवणसून इलंय. तुमच्या चेडवाची मैत्रीण," नलूताई म्हणाल्या.

"रेश्माची?" बाईनं विचारलं. नलूताईंना ते नाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं. "शाळेत शिकवलास काय तिका?"

"नाय. आमी कॉम्प्युटरवर बोलतंव."

आतून रेश्माचा भाऊ बाहेर आला. खाणीवर कामाला असावा, कपडे तसेच होते. "कधी भेटलास तिका?"

"भेटाक नाय कधी."

"मग मैत्रीण कशी?"

हजारो माणसांना एकमेकांशी जोडून देणारी ती बाई, पण आपण रेश्माच्या कोण हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. मग त्यांनी तिच्या आईलाच धरलं. "आये, तू आधी बस. ह्यो तुझो झील जवळ आसा, बरा झाला." आणि सगळं सांगितलं. पासपोर्ट, कुलूप, मार. सांगताना त्यांनी बाईचा हात हातात घेतला होता. सोलांचा रंग त्यांच्याही बोटांना लागला.

बाईनं हात सोडवून घेतला. "दर आयतवारी फोन येता तिचो. बरी आसा म्हणता."

"तो बाजूक बसलेलो असता गो."

"माझो जावय देवमाणूस आसा," बाई म्हणाली. आमच्याकडे न बघता, सोलांकडे बघत.

भाऊ आत्तापर्यंत मालवणीत बोलत होता. तो आता सरकारी कचेरीत बोलतात तसं बोलला. "हे बघा, हा आमच्या घरचा विषय आहे. तुमचा काही संबंध नाही. आपण आता निघावं."

आम्ही निघालो. गाडीची वाट बघत उभे असताना नलूताई म्हणाल्या, "तिची आवस दचकाक नाय, बघलंस? कोण सांगता, किती सांगता, काय एक विचारूक नाय. तिका ठावक आसा."

त्यानंतर काही दिवसांनी अबोलीच्या नावानं निरोप आला. छान, शुद्ध मराठी. मी सुखात आहे. माझ्या संसारात कोणी लक्ष घालू नये. माझ्या माहेरी पुन्हा कोणी जाऊ नये. नलूताईंनी तो कितीतरी वेळा वाचला. अबोलीनं 'मी' असं कधीच लिहिलं नव्हतं, ती 'मिया' लिहायची.

"ह्या तिना लिवक नाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "नायतर तिनाच लिवला, आणि कोणतरी मागे उभो होतो." यातलं कुठलं बरं, हे आम्हां दोघांनाही ठरवता येईना.

त्यांनी गटावर सगळं मांडलं. काहींनी हळहळ कळवली. काही म्हणाले, दुसऱ्याच्या संसारात पडू नये. एकानं लिहिलं, कशावरून ती खरंच बाई आहे? कोणीतरी गंमत करत असेल. हे सगळं वाचून उठताना नलूताईंनी टेबलाला हात टेकला होता.

पाऊस सरल्यावर एका दुपारी माझ्या जिन्यावर पावलं वाजली, आणि रेडीची ती बाई, अबोलीची आई, दारात उभी. एकटी आलेली. टेलिफोनवाल्या नलूताई कुठे असतात, असं विचारत भरडापर्यंत पोचली होती. नलूताई खोपट्यातून बाहेर आल्या.

"आयतवारचो फोन येवचो बंद झालो," बाई म्हणाली. "तुजेकडे काय निरोप इलो काय?"

नलूताईंनी नाही म्हणून मान हलवली. खुर्ची ओढून बाईला आपल्या शेजारी बसवलं.

"त्या दिसा तुमी गेलात," बाई खाली मान घालून बोलायला लागली, "आणि आयतवारी तेचो फोन इलो तेव्हा मियाच तेका सांगलंय. मालवणची कोण बाई येवन असा असा बोलली, खरा काय रे बाबा? माका वाटला, तो नाय म्हणतलो आणि माझ्या जिवाक बरा वाटात. तो हसलो. म्हणालो, आये, कोणतरी फसवता तुमका. तेच्या मागे दोन फोन इले. मगे नाय."

बाईनं पडद्याकडे बोट केलं. "ह्या मशिनीत ती खंय असता?"

नलूताईंनी दाखवलं. नावांची रांग, त्यात अबोली, आणि ती इथं नाही म्हणून तिचं नाव फिकट. बाईनं पदरानं बोट पुसून त्या नावावर टेकवलं. मधेच गटातल्या कोणीतरी विनोद पाठवला, तो पडद्यावर वर सरकत गेला.

मग भावानं पत्ता दिला. गटातला एक गृहस्थ त्याच देशात होता. कधी नव्हे तो आपलं काम टाकून पाच-सहा तासांच्या अंतरावरच्या त्या शहरात गेला. इमारत सापडली. राखणदारानं सांगितलं, ते बिऱ्हाड गेलं, कुठे ते माहीत नाही. इकडे नलूताई, आई आणि भाऊ तिघं मिळून कचेऱ्यांमधून फिरले. तिथल्या माणसांनी ऐकून घेतलं, चहा विचारला आणि सांगितलं की तक्रार मुलीनं स्वतः करायला हवी. नलूताई म्हणाल्या, ती करू शकत नाही हीच तर तक्रार आहे. समोरच्या साहेबांनाही ते पटलं. पण पटून काय करायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रेश्मा परत आली ती दुसऱ्या वर्षी. नवऱ्यानं सांगितलं, तुझी आई शेवटच्या घटका मोजतेय, मुलाला ताप आहे, तू पुढे जा, आम्ही मागून येतो. विमानात बसवून दिलं. घरी आली तर आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. तिकडे फोन लावला, तो लागेना. काही दिवसांनी कळलं की व्हिसाही रद्द झालेला. मुलगा बापाकडेच राहिला.

ती आल्याचं कळताच नलूताई रेडीला गेल्या. परत आल्या तेव्हा मी विचारलं, कशी आहे? त्या एकदम म्हणाल्या, "बोलाक येयना रे. आमका दोघींकाय. इतक्या गजाली केल्यांव, आणि समोर बसलो तर ती जमिनीकडे बघता, मिया भिंतीकडे." निघताना त्यांनी तिला विचारलं होतं, "मिया तुझ्या घराक इलंय, ता चुकला काय गो?" रेश्मानं विचार केला होता आणि म्हटलं होतं, "ठावक नाय, ताई."

नलूताईंनी ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. ती रागावली असती किंवा रडली असती, तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं.

गटावर जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. माणसं विचारत, सोलकढी कुठे आहे, आमच्या ह्याला स्थळ बघायचंय, आमच्या तिला कोकणात यायचंय. त्या कधीतरी दोन ओळी लिहीत. रेडीला मात्र महिन्यातून एकदा जात राहिल्या. कशाला जाता, असं मी विचारलं नाही. रेश्मा एकदा सुरंगीचे वळेसर करायला बसली होती आणि मी दोरा धरून बसले, एवढं त्या एकदा म्हणाल्या.

मग फोटो टाकायची नवी संकेतस्थळं आली. जो तो आपली, बायका-मुलांची छायाचित्रं लावू लागला. दोन हजार नऊचा उन्हाळा असेल. दुपारी नलूताई आल्या, सोबत एक बारीकशी बाई. केस ओढून बांधलेले, डोळे सारखे दाराकडे. त्यांनी ओळख करून दिली नाही, आणि मला तिची गरजही नव्हती.

"हिच्या झिलाचो फोटो खंय गावता काय बघ," नलूताई म्हणाल्या. "बापाचा नाव हा असा."

मी शोधलं. त्या नावाची अनेक माणसं निघाली. एकापुढे एक उघडत गेलो, आणि एके ठिकाणी रेश्मानं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी थांबलो. बागेतला झोका. झोक्यावर एक मुलगा, समोरचे दात पडलेले, हसतोय. त्याच्या खांद्यावर एका बाईचा हात. बाई चित्रात नव्हती, नुसता हात, हिरव्या बांगड्या घातलेला.

रेश्मा रडली नाही. "वाढलो," एवढंच म्हणाली.

मी आणखी फोटो बघायला गेलो, तर बाकीचं सगळं फक्त मित्रांसाठी होतं. मैत्रीची विनंती पाठवू का, असं विचारून मीच ओशाळलो.

"छापून दी," नलूताई म्हणाल्या. मग वाकून पडद्याजवळ गेल्या. "तो हात काढूक येता काय रे?"

मी चित्र कापून बघितलं. हात गेला, पण त्याच्याबरोबर मुलाचा खांदाही गेला. पुन्हा बघितलं, तेच. तसलं काम मला नीट येत नव्हतं, आणि येणारं माणूस मालवणात कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं.

"रवांदे," रेश्मा म्हणाली. "तेचो खांदो कित्याक जाऊक व्हयो?"

मी चित्र तसंच छापलं. माझा रंगीत प्रिंटर जुना होता, शाई भरपूर सोडायचा आणि ती वाळायला वेळ घ्यायचा. थांबा म्हटलं, तर त्यांची वेंगुर्ल्याची गाडी होती. त्या वर्षाच्या शेवटाला मी कॅफे विकून गोव्याला नोकरीला गेलो. त्यानंतर मालवणात जाणं झालं ते दोनदा, दोन्ही वेळा नलूताई घरी नव्हत्या. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे त्या आहेत त्या त्याच दुपारच्या.

मी खिडकीतून बघत होतो. भरडावर वारं होतं, रस्त्यात धूळ. रेश्मा पुढे चालत होती, मागे वळून न बघता. तिच्या मागोमाग नलूताई. चित्र दोन्ही हातांवर आडवं धरलेलं, शाई पुसली जाऊ नये म्हणून कडांनाच बोटं लावलेली. वाऱ्यानं कागद उचलला की त्या थांबत, वाऱ्याकडे पाठ करत, तो खाली बसू देत, आणि मग पुन्हा चालायला लागत. कोणीतरी ओळखीचं समोरून आलं आणि हात पुढे करून बघू म्हणालं. नलूताईंनी मान हलवली. "ओलो आसा," त्या म्हणाल्या असाव्यात, कारण तो माणूस बाजूला झाला, आणि त्या स्टँडच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.